पाहुण्यांच्या खुर्चीचा काटा

१

रेडिओ केंद्रात तिला सगळे मीटरबाई म्हणत. हे नाव पाडलं मास्तरांनी, म्हणजे तिथल्या मुख्य तंत्रज्ञांनी, आणि ते तिला इतकं चपखल बसलं की हजेरीच्या वहीत तिचं खरं नाव वाचून नवीन माणसं विचारत, ही कोण बुवा?

बावीस वर्षं ती दुपारी दोन ते चार एकाच कन्सोलसमोर बसत आली होती. कन्सोल म्हणजे एक लांबोडकं टेबलच. प्रत्येक माइकसाठी त्यावर वरखाली सरकणारा एक फेडर, आणि फेडरच्या डोक्यावर काचेआड एक काटा. माणूस बोलला की काटा उठतो, गप्प झाला की पडून राहतो, ओरडला की लाल पट्टीत घुसतो आणि मग आवाज फाटतो. मीटरबाईला माणसं चेहऱ्याआधी काट्यावरून ओळखू येत. दुपारचं पुस्तक वाचणारे निवेदक दर पानाला घसा खाकरत, म्हणून त्यांचा काटा वाक्याआधीच एक उगाचची उडी मारी. त्यांना सगळे खाकरेबुवा म्हणत, आणि तेही ओ देत.

काचेपलीकडच्या स्टुडिओशी बोलायला तिच्याकडे टॉकबॅकचं बटण होतं. त्याच्या काट्यावरून मास्तर तिला चिडवत. "तुझा काटा झोकात उठतो आणि वाक्य संपताना तीन पायऱ्या उतरतो. घरात कुणी झोपलंय अशी बोलतेस तू."

मास्तरांनी तिला दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात शिकवल्या होत्या. एक, मॉनिटरचं, म्हणजे कन्सोलशेजारच्या स्पीकरचं बटण आपल्या कानासाठी आहे, काटा ऐकणाऱ्यांसाठी. "तू मॉनिटर मोठा केलास म्हणून बाहेर आवाज मोठा जात नाही. कान लबाड असतो. दमला की कमी ऐकतो, मन भरून आलं की जास्त. शंका आली की काट्याला विचार." आणि दोन, पूर्ण शांतता कधी सोडायची नाही. खाकरेबुवा पान उलटायला थांबले की ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओ मेला. म्हणून त्यांच्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीचा, पाहुण्यांचा माइक केसभर उघडा ठेवायचा. "खोलीचा श्वास जाऊ दे," मास्तर म्हणत.

बावीस वर्षं तिने तो श्वास इमानेइतबारे जाऊ दिला. आता ते सगळं संपत आलं होतं. शुक्रवारी हा कन्सोल निघून नवा बसणार होता, काटे नसलेला, नुसत्या रंगीत दिव्यांचा. तो बघून मास्तर म्हणाले होते, "हे काय, दुकानाची पाटी वाटते."

त्या आठवड्याच्या सोमवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी, खाकरेबुवा दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट वाचत होते. त्यांनी पान उलटलं. तेव्हा पाहुण्यांच्या खुर्चीचा काटा हलका उठला, दोनदा डुलला आणि खाली बसला.

खुर्ची रिकामी होती. मीटरबाईने काचेतून दोनदा बघून खात्री केली.

२

काटा हलतो याची शंभर कारणं असतात. खालच्या मजल्यावर कुणी पाइप ओढला, वरच्या मजल्यावर कपाट सरकवलं, वायरीचा सांधा ढिला झाला. मंगळवारी सकाळी मास्तर स्वतः वायर बदलून गेले, माइकवर टिचकी मारून गेले आणि जाताना म्हणाले, "म्हातारा झालाय बिचारा. चार दिवस राहिलेत, हलू दे त्याला."

पण मंगळवारी तो हलला नाही, बोलला. ज्याने बावीस वर्षं काटे बघितलेत त्याला सांधा ढिला आणि माणूस बोलतंय यातला फरक कळतो. थरथर वेगळी, वाक्य वेगळं. वाक्याला श्वास असतो.

कन्सोलवर एक बटण असतं, प्रक्षेपणाला धक्का न लावता एकच माइक ऐकायचं. तिने पाहुण्यांच्या माइकचं ते बटण दाबलं आणि मॉनिटर थोडा वाढवला.

आधी नुसती खोली ऐकू आली. स्टुडिओची नव्हे. स्टुडिओच्या भिंतींना जाड कापड होतं, तिथला श्वास सुका असतो. ही खोली फरशीची होती, उघड्या खिडकीची. लांब कुठेतरी सायकलची घंटा. आणि जवळच एक भिंतीवरचं घड्याळ, लंगडं चालणारं, एक ठोका लांब, एक आखूड.

त्या लंगड्या चालीवर तिचा हात थांबला. तसं चालणारं घड्याळ तिने आयुष्यात एकच ऐकलं होतं, आणि ते दीड वर्षापासून बंद होतं.

मग खुर्ची कुरकुरली आणि एक माणूस बोलला. शब्द जरा घरंगळत होते, पण आवाज स्वच्छ होता.

"साखर विसरलीस."

तिने मॉनिटरचं बटण शून्यावर आणलं. काचेपलीकडे खाकरेबुवा शांतपणे वाचत होते. प्रत्यक्ष बाहेर काय जातंय ते ऐकायला तिने मॉनिटर 'हवेतून' या खुणेवर फिरवला. तिथे फक्त दीपगृह, समुद्र आणि खाकर. बाकी काही नाही. मॉनिटरमधला तो आवाज बाबांचा होता.

३

बाबा जिवंत होते, घरीच होते. हे आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा भलताच समज व्हायचा.

त्यांचा धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. मीटरबाईला ऐकायला शिकवलं ते त्यांनीच. लहानपणी ती टेबलाभोवती गोल गोल फिरत राही म्हणून तिला भिंगरी म्हणत, आणि मध्येच धरून घड्याळ तिच्या कानाला लावत. "सांग, कुठे दुखतंय याला?" दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सुधारला, हातही थोडा आला. वाचा आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही, न येईलही. तेव्हापासून बाबांनी एक शब्द उच्चारला नव्हता. घरातली घड्याळं किल्ली न दिल्यामुळे एकेक करून थांबली, आणि तिला त्यांना हात लावायचा धीर झाला नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ते नेहमीप्रमाणे खिडकीशेजारच्या वेताच्या खुर्चीत होते. फळीवरचा रेडिओ चालू होता. जुना, भारदस्त सेट, स्टेशन किती जोरात लागलंय ते दाखवणारा छोटा काटा काचेत असलेला. भिंतीवरचं घड्याळ सात वाजून वीस मिनिटांवर गप्प.

तिने चहा केला, मुद्दाम साखर घातली नाही आणि त्यांच्या हातात कप दिला. ते प्यायले. काही म्हणाले नाहीत.

"बाबा, चहा बरा झालाय?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात ओळख होती, माया होती, आणि दीड वर्षांचा थकवा. मान हलली, तीही हो की नाही ते न कळण्याइतकी. तिला स्वतःचाच राग आला. म्हाताऱ्या माणसाची परीक्षा कसली घेतेस, असं स्वतःला बजावून तिने दुसरा कप केला.

टेबलावर एक फॉर्म पडला होता. दादाने, तिच्या मोठ्या भावाने, दुसऱ्या शहरातून पाठवलेला. म्हाताऱ्या, आजारी माणसांना कायमचं ठेवून घेणाऱ्या एका संस्थेचा. शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. दादा काही वाईट नव्हता. फोनवर तो म्हणाला होता, "अगं, बारा वाजता शेजारच्या काकू भरवून जातात, तू येतेस पाचला. पाच तास एकटे असतात ते. उद्या पडले तर? तिथे बाग आहे, नर्स आहे. आणि तसंही ते बोलत नाहीत तुझ्याशी."

शेवटचं वाक्य तो बोलायला नको होता. पण खोटं नव्हतं.

४

बुधवारी तिने आधी शहाण्या माणसासारखं काम केलं. काट्यावर बोलणं सुरू होताच तिने शेजारच्या काकूंना फोन लावला. "काकू, जरा डोकावता का आत्ता? बाबा काय करतायत?"

दोन मिनिटांनी काकू परत फोनवर आल्या. "खुर्चीत बसलेत की. रेडिओ ऐकतायत. तोंड मिटलेलं. का गं, काही झालं का?"

"कुणाशी बोलत नाहीयेत ना?"

"कुणाशी बोलणार बाई? मी आणि ते."

फोन ठेवला तेव्हाही मॉनिटरमध्ये बाबा बोलत होते. पण मॉनिटरमधल्या त्या खोलीत रेडिओ चालू नव्हता. चालू असता तर खाकरेबुवांचा आवाज त्या खोलीतून परत येऊन कन्सोल किंचाळला असता. तिथे फक्त लंगडं घड्याळ होतं, खुर्ची होती, आणि बाबा कुणालातरी समजावत होते की किल्ली जोर करून फिरवायची नसते.

ते थांबत. मग काटा उठे, आणि मॉनिटरमध्ये काहीच नसे. शांतता, वर हलणारा काटा. मग बाबा हसत किंवा उत्तर देत. दुसरं कुणीतरी तिथे बोलत होतं, आणि ते फक्त काट्याला ऐकू येत होतं.

तिने मॉनिटर पूर्ण वाढवला. घड्याळाचा ठोका स्पीकर फोडायला निघाला, पण त्या दुसऱ्या माणसाचा एक शब्द आला नाही. कान लबाड असतो. तिने काट्याला विचारलं.

काटा झोकात उठला, पुढे गेला आणि वाक्य संपताना तीन पायऱ्या उतरला.

मीटरबाईने हात मागे घेतला. तिला आठवलं, ज्या खोलीत माइक उघडा असतो त्या खोलीचा स्पीकर कन्सोल आपोआप गप्प करतो, आवाज आवाजाला चावू नये म्हणून. इथे गप्प केला होता तो एकट्या त्या बाईचा आवाज. म्हणजे कन्सोलच्या हिशेबी ती बोलणारी बाई इथेच होती, या खोलीत, या खुर्चीवर.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. काटा बोलतच राहिला.

५

भीती वाटली हे खरं. पण भीतीपेक्षा मोठं आणखी काहीतरी होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. तिला हेवा वाटत होता. दीड वर्षं ती रोज संध्याकाळी त्या माणसासमोर बसून एका शब्दाची वाट बघत होती, आणि ही कोण सटवी तिचाच आवाज घेऊन दुपारभर गप्पा छाटते?

"तो दीपगृहवाला आठवतो का गं?" बाबा म्हणाले.

काट्याने काहीतरी म्हटलं.

"शेवटी घरीच आला की तो. पण खाकरेबुवांनी फार घाईत उरकलं. शेवटची पानं खाल्लीच त्यांनी. माझ्या मनात राहून गेलं ते."

काटा बराच वेळ पडून राहिला. मग अगदी हलका, एकच शब्दभर उठला.

काचेपलीकडे खाकरेबुवा वाचत होते. गोष्टीतला रखवालदार अजून समुद्रातच होता. पुस्तक उद्या, गुरुवारी संपायचं होतं.

चार वाजता कार्यक्रम संपल्यावर ती स्टुडिओत गेली. "बुवा, पुस्तक बघू जरा."

"का हो? तुम्ही आणि पुस्तक? काट्यांना सुट्टी दिलीत वाटतं."

तिने सगळ्यात मागची पानं उघडली. रखवालदार घरी आला होता. दारात उभं राहून तो बायकोला सांगत होता की वाटेत उशीर झाला.

"उद्या घाई करू नका हं," ती म्हणाली. "शेवट नीट वाचा."

खाकरेबुवा दुखावले. "तीस वर्षांत मी कधी शेवट खाल्लाय का मीटरबाई? तुम्ही पाच मिनिटं उरल्याची खूण करता, मी बरोबर उतरवतो. विमानासारखा."

ती पाहुण्यांच्या खुर्चीपाशी उभी राहिली. खुर्ची साधी होती, गादी जरा फाटलेली. तिने हात लावून बघितला. गार होती.

पुस्तक संपलेलं नाही, तरी बाबांनी त्याचा शेवट ऐकलेला आहे. घड्याळ बंद आहे, तरी चालू आहे. मग ती दुपार आजची नाही, एवढं तिच्या बुद्धीने कबूल केलं आणि पुढे यायला साफ नकार दिला. घरी जाताना मात्र तिच्या पायात उगाचच हुरूप होता. ती सटवी आपणच असू, असं तिला वाटायला लागलं होतं. हसूही आलं, आणि फाटकापाशी डोळेही भरले.

६

गुरुवार. या कन्सोलची शेवटची दुपार. मास्तर येऊन एकेका काट्याची काच पुसून गेले.

मीटरबाई दोन वाजल्यापासून पाहुण्यांच्या काट्यावर डोळा ठेवून होती. तो पडून होता. मॉनिटरमध्ये घड्याळ चाललं होतं, वारा होता, कधीतरी खुर्चीची कुरकुर. कुणी बोलत नव्हतं. तीन वाजले, साडेतीन वाजले. आजच का गप्प, म्हणून ती कासावीस झाली.

चाराला अकरा मिनिटं असताना बाबा बोलले. आवाज बदलला होता. दमलेला, आतून येणारा.

"भिंगरी. खिडकी जरा उघड."

काटा उठला. दोन-तीन शब्द, आणि तीन पायऱ्या उतरून थांबला.

तिने वाट बघितली. आता ते काहीतरी म्हणतील. हं म्हणतील. हसतील. खुर्ची कुरकुरेल. घड्याळ एक लांब, एक आखूड चालत राहिलं. बाबा काही म्हणाले नाहीत.

मग काटा पुन्हा उठला आणि चालू लागला. सारखा, संथ, एका उंचीने. बोलणाऱ्याचा काटा असा चालत नाही. बोलणारा थांबतो, अडखळतो, समोरच्याला जागा देतो. हा कुणाला जागा देत नव्हता. असा चालतो तो वाचणाऱ्याचा काटा. ती बाई तिथे काहीतरी वाचत होती, मिनिटामागून मिनिट, आणि ज्याला वाचून दाखवत होती त्याच्या श्वासाचा आवाज मॉनिटरमध्ये शोधून सापडत नव्हता.

मीटरबाई कानाने शोधत राहिली. मॉनिटर वाढवला, आणखी वाढवला, स्पीकरला कान लावला. घड्याळ होतं, वारा होता.

काचेवर थाप पडली. खाकरेबुवा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होते, डोळे मोठे करून. चाराला दोन मिनिटं. पाच मिनिटांची खूण तिने केलीच नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बुवा धावत सुटले, वाक्यं गिळत, पानं गाळत, आणि रखवालदाराला कसंबसं दारात ढकलून त्यांनी पुस्तक मिटलं. शेवट खाल्ला गेला, आणि तो तिच्यामुळे गेला.

चार वाजले. नियमाप्रमाणे सगळे फेडर बंद करायचे. पाहुण्यांचा काटा अजून चालतच होता, त्याच उंचीने, एकदाही लाल पट्टीकडे न जाता. तिने दोन बोटांनी फेडर खाली आणला. काटा हळूच आडवा झाला, आणि ती तशीच बसून राहिली.

७

त्या रात्री फॉर्म समोर घेऊन तिने सरळ विचार केला. जे ऐकलं ते या घरातलं होतं. हे घड्याळ, ही खुर्ची, ही खिडकी. सही केली की बाबा बागेच्या, नर्सच्या घरी जातील आणि ती शेवटची दुपार कधी येणारच नाही. पण मग साखर विसरलीस हेही कुणी म्हणणार नाही. दोन्ही एकाच माइकमधून आलं होतं, आणि एक सोडून दुसरं घेता येत नव्हतं.

बाबा खुर्चीत जागेच होते. ती त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, तुम्हाला तिकडे जायचंय का? खरं सांगा."

बरा असलेला हात उचलून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला आणि घड्याळाचं झाकण बसवावं तसा हलका दाबला.

दादाला तिने सांगितलं, "मी सकाळची पाळी घेते. बारापासून मी घरी."

"नव्या कन्सोलवर? पहाटे उठून? अगं, तू थकशील."

"थकले की झोपेन. दादा, रागावू नको. मला त्यांच्या दुपारी हव्यात."

दादाने फॉर्मचा विषय सोडला. मग म्हणाला, "मीही येत जाईन महिन्यातून." आणि यायला लागलाही.

पहिले तीन आठवडे काही घडलं नाही. मग एके दुपारी तिने रेडिओ बंद केला, स्टूल ओढलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं. ते बोटाने दाखवत गेले, ती करत गेली. किल्ली देताना तिने जोर केला तर त्यांनी मनगट धरलं. घड्याळ भिंतीवर थोडं तिरकं लागलं, आणि चालायला लागलं. एक लांब, एक आखूड.

बाबा हसले. घसा हलला. बराच वेळ नुसतीच खरखर, आणि मग दीड वर्षांची धूळ झटकून एक शब्द बाहेर आला. "लंगडं," ते म्हणाले.

त्यानंतर शब्द येत गेले, घरंगळत, एकामागून एक. एका दुपारी ती चहा घेऊन आली. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"साखर विसरलीस."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून इतकी हसली की रडायला लागली. बाबांना वाटलं, चहाला नावं ठेवली म्हणून लागलं तिला. ते घाईघाईने म्हणाले, "चालेल गं, चालेल."

८

आता वाचणारा विचारेल, आणि खिडकी?

खिडकीचा बंदोबस्त तिने केला होता. बाबा बोलायला लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सुतार बोलावून दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट काढून टाकली.

"आणि पाऊस आला म्हणजे?" सुताराने विचारलं.

"भिजू."

"चोर आला म्हणजे?"

"दुसरा मजला आहे. शिडी आणावी लागेल त्याला, दमून जाईल."

सुतार दारं घेऊन गेला, तिच्याकडे वळून बघत. दादा चिडला, काकूंनी कपाळाला हात लावला. बाबा अंगाभोवती पांघरूण घेऊन त्या चौकोनी आभाळाकडे बघत बसत आणि खूष असत. जी खिडकी मिटतच नाही ती उघड असं कुणी कशाला म्हणेल? मीटरबाईने तेवढी पळवाट शोधली होती, आणि पाच महिने ती पुरली. दीपगृहाचा शेवट राहून गेला असं ते एकदा म्हणाले, तेव्हा काय करायचं ते तिला माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी तिने खाकरेबुवांकडून पुस्तक मागून आणलं. पण रोज काही ना काही बोलायचं निघे, आणि पुस्तक फळीवर रेडिओशेजारी राहून गेलं.

त्या दुपारी बाबा फारसं बोलले नाहीत. जेवलेही थोडंच. बाहेर चांगला वारा होता. पांघरुणाचा कोपरा हलत होता, त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस हलत होते. ती शेजारी मटार सोलत होती. घड्याळात चाराला अकरा मिनिटं होती.

"भिंगरी," बाबा म्हणाले. "खिडकी जरा उघड."

ते सताड उघड्या आभाळाकडेच बघत होते.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. खिडकी तर उघडीच आहे ना बाबा, असं तोंडावर आलं होतं. पण काट्याने म्हटलेलं वाक्य त्याहून छोटं होतं.

"उघडते हं, बाबा," ती म्हणाली.

फळीवरचा रेडिओ बंद होता, सकाळपासून बंद. त्याच्या काचेतला छोटा काटा झोकात उठला आणि तिच्या वाक्याबरोबर तीन पायऱ्या उतरून थांबला.

ती वाट बघत राहिली. घड्याळ एक लांब, एक आखूड चाललं होतं. तिने बाबांचा हात हातात घेतला, आणि तो कसा आहे ते तिला कळलं. छातीतून एक हाक वर आली, अख्खी इमारत गोळा होईल अशी. तेवढ्यात तिची नजर पुन्हा त्या काट्याकडे गेली. तिकडे, त्या गुरुवारच्या दुपारी, एक बाई बसली होती, दोन बोटं फेडरवर, कान स्पीकरला लावून, भेदरलेली. तिला उद्या एका फॉर्मवर सही करायची की नाही ते ठरवायचं होतं. तिला ही हाक ऐकू आली नसती, पण काटा लाल पट्टीत गेलेला दिसला असता, आणि मग तिने सही केली असती. मग यातलं काहीच झालं नसतं. लंगडं नाही, साखर नाही.

मीटरबाईने हाक गिळली. एका हाताने बाबांचा हात धरून दुसऱ्याने पुस्तक काढलं, खाकरेबुवांनी गाळलेल्या पानांवर उघडलं आणि वाचायला लागली. सारखं, संथ, एका उंचीने. रखवालदार बोटीतून उतरला, गावाची वाट चढला, वाटेत दोनदा बसला. काचेतला काटा तिच्याबरोबर चालत होता.

घड्याळाने चारचे ठोके दिले. काटा हळूच आडवा झाला.

एक पान उरलं होतं. आता तिकडे बघणारं कुणी नव्हतं, मोकळ्या गळ्याने रडायला काही हरकत नव्हती. पण तिने तेही पान तसंच वाचलं, घरात कुणी झोपलंय असं, रखवालदार दारात येऊन उशीर झाला म्हणेपर्यंत. मग पुस्तक मिटून फळीवर ठेवलं, आणि वाऱ्याने सरकलेलं पांघरूण बाबांच्या खांद्यावर नीट केलं.